वर्गणीतल्या कार्डाचा हिशेब



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘आपल्या गॅदरिंगची फिल्म’. पण मी आधी पैशाचा हिशेब देणार आहे, कारण पैसे तुमचे आहेत.

बाईंनी बसवलेल्या नाटकाची व्हीएचएस कॅसेट सापडली, ती मी संगणकावर उतरवून घेतली, एक तास पन्नास मिनिटं. बाईंना दाखवली, तेव्हा बाई म्हणाल्या, “चेहरे सगळ्यांचे ओळखले रे, पण मला आता ऐकू येत नाही. तुम्ही काय बोलताय ते खाली लिहून येईल का?”

इंटरनेटवर टाकली तर हे फुकटात होतं, असं ग्रुपवर बऱ्याच जणांनी सुचवलं. पण त्या नाटकात सरपंच झालेला आपला मित्र आज आपल्यात नाही, आणि फिल्म बाहेर जाऊ नये अशी त्याच्या घरच्यांची इच्छा होती. म्हणजे काम घरच्या घरी करायचं.

एमआयडीसीतल्या माझ्या वर्कशॉपच्या वरच्या खोलीत एक सर्व्हर आहे. सर्व्हर म्हटलं की मोठं वाटतं. खरं तर एका ऑफिसातून भंगाराच्या भावात घेतलेला चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, दोन डिस्क. ड्रॉइंगं आणि बिलं साठवतो, बास. बोललेलं लिहून काढणारा ‘व्हिस्पर’ नावाचा प्रोग्राम ओपनएआयने २०२२मध्ये मोफत खुला केला, तो त्यावर चढवला. फिल्ममधला दहा मिनिटांचा तुकडा लिहायला एकोणीस मिनिटं लागली. मी ग्रुपवर लिहिलं, ग्राफिक्स कार्ड पाहिजे. तुम्ही दोन दिवसांत साडेसहा हजार जमवलेत.

कार्ड घेतलं ते जुनं, जीटीएक्स १६५०, चार जीबीचं. २०१९चं मॉडेल. हेच का, तर ऑफिसच्या संगणकाचा पॉवर सप्लाय अगदी बेताचा असतो, कार्डाला द्यायला वेगळी वायरच नसते. मदरबोर्डच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, आणि हे कार्ड तेवढ्यात भागवतं.

बसवलं, चालू केलं, आणि पडद्यावर मराठी नाही, नुसत्या उद्गारचिन्हांच्या रांगा! विकणाऱ्याला फोन करून मी नको ते बोललो. मग कळलं, या मालिकेतल्या कार्डांची ती खोडच आहे. हा प्रोग्राम वेगासाठी निम्म्या अचूकतेनं आकडेमोड करतो आणि तिथं हे कार्ड घसरतं. पूर्ण अचूकता लावली आणि मराठी उमटलं. त्या माणसाला परत फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, “सवय आहे साहेब.”

तोच तुकडा आता साडेतीन मिनिटांत झाला. ‘पाचपट वेग’ असं मी ग्रुपवर लिहिलं, तुम्ही फुलं-बिलं पाठवलीत. रात्री विज्ञानाच्या सरांचा फोन. अभिनंदन वगैरे काही नाही. “आधीची एकोणीस मिनिटं तू किती वेळा मोजलीस?”

“एकदाच, सर.”

“मग ते निरीक्षण झालं का?”

दहावीत लंबकाचे वीस झोके मोजायला लावायचे, तेही तीनदा, ते सर हेच. दुसऱ्या दिवशी कार्ड काढलं आणि नुसत्या प्रोसेसरवर परत मोजलं, या वेळी तापमानाचा आकडा समोर ठेवून. प्रोसेसर दोनच मिनिटांत शंभर अंशाला टेकत होता. तेवढा तापला की जळू नये म्हणून तो आपणच वेग कमी करतो. वर्षानुवर्षं नुसत्या फाइली सांभाळत बसलेला, त्यामुळे त्याच्यावरची पेस्ट वाळून खडू झालीय हे मला कधी कळलंच नाही. खालच्या वर्कशॉपातली धूळही आत बसली होती. साफ केलं, दोनशे रुपयांची पेस्ट लावली, तीनदा मोजलं. अकरा मिनिटं.

म्हणजे कार्ड पाचपट नव्हे, जेमतेम तिप्पट. आणि दुसरं, जास्त अडचणीचं: अख्खी फिल्म नुसत्या प्रोसेसरवरही दोन तासांत झाली असती. तेवढ्यासाठी तुमच्याकडून साडेसहा हजार घेण्याची गरज नव्हती. हे मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं. आज सांगतोय.

कार्ड अगदीच वाया गेलं नाही. व्हिस्पर ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकलेला, पण त्यात मराठीचा वाटा तुटपुंजा. लहान मॉडेल आपली बोली ऐकून काहीही लिहायचं. त्याहून मोठ्याला पाच जीबी लागतात, कार्डावर चार. मग त्याची आकडेमोड आठ बिटांत दाबून ते बसवलं. सेटिंग बदलून फिल्म नऊ वेळा फिरवली. हे प्रोसेसरवर करायचं तर मी कंटाळून सोडून दिलं असतं. तरी चुका राहिल्याच. चार जणींनी हेडफोन लावून ओळ न् ओळ दुरुस्त केली. खरं काम त्यांचं.

गेल्या रविवारी बाईंना दाखवली. बाई खालची अक्षरं वाचत होत्या आणि ओठ हलत होते. सरपंच उठून बोलतो तिथं आम्ही ‘पोटाला पाणी आलंय, आता तरी भांडू नका’ असं ठेवलं होतं. आवाज खराब, आम्हाला तेच ऐकू येत होतं. बाईंनी थांबवायला सांगितलं. म्हणाल्या, “पोटाला नाही रे, पाटाला. शेवटच्या तालमीपर्यंत तो चुकत होता. त्या दिवशी बरोबर म्हणाला होता.”

दुरुस्त केलंय. आज जेवणानंतर तीच प्रत दाखवू.

राहिला हिशेब. कार्ड नुसतं बसून असलं तरी मीटरवर नऊ वॅट दाखवतं, महिन्याला साडेसहा युनिट. म्हणून काढून ठेवलंय. तुमची हरकत नसेल तर शाळेच्या संगणक कक्षाला देऊ, नाही तर विकून वर्गणी परत करू. पेस्टचे दोनशे माझे. प्रत हवी असेल त्यानं पेन ड्राइव्ह माझ्याकडे द्यावा, पण ती घरातच पाहायची.