गुडघ्याचं दुखणं आणि कमरेचा घेर
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



सकाळी प्रार्थनेसाठी हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या, तेव्हा आपल्यापैकी निम्म्या जणांची नजर खुर्च्या शोधत होती. पी.टी.च्या बाई मात्र पंचाहत्तरीतही सरळ मांडी घालून बसल्या. बाई, तुम्ही आमच्याकडे बघून हसलात, ते मी पाहिलं!

दोन वर्षांपूर्वी मीही खुर्चीवालीच होते. एकेकाळची खो-खोच्या संघातली मी, जिना उतरताना कठडा धरायची. एक्स-रेमध्ये ऑस्टिओआर्थ्रायटिसची, म्हणजे झिजेच्या संधिवाताची, सुरुवात दिसली. इंजिनिअरच्या डोक्याने मी हिशेब केला: बेअरिंग झिजलंय, आता जपून वापरायचं. चालणं बंद केलं. वर्षभरात सात किलो वजन वाढलं, दुखणंही वाढलं.

मग हाताची बोटंही दुखू लागली. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही हातांवर चालता का?" आणि टेपने माझी कंबर मोजली. ९४ सेंटीमीटर. रक्तात एचबीए१सी ६.१, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा.

त्यांनी समजावलं ते असं. वजनाचा भार गुडघ्यावर येतोच. एक किलो घटलं, तर चालताना प्रत्येक पावलामागे सुमारे चार किलोंचा भार कमी होतो. पण लठ्ठ माणसांत बोटांच्या सांध्यांचा हा आजारही जास्त आढळतो, आणि बोटांवर काही शरीराचा भार नसतो. पोटाची चरबी नुसती साठून राहत नाही. दाह वाढवणारी द्रव्यं ती रक्तात सोडते. ती सगळ्याच सांध्यांपर्यंत पोचतात. वय, आनुवंशिकता, जुनी दुखापत ही कारणंही असतात, म्हणून सडपातळ माणसांनाही हा आजार होतो. पण ती आपल्या हातात नाहीत. कंबर आहे.

२०१३ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन जास्त आणि गुडघे दुखणारी ४५४ माणसं, अठरा महिने. नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं.

मीही तेच केलं. ताटातला भात निम्मा, उसळ दुप्पट, मांड्यांचे व्यायाम, आणि चालणं दहा मिनिटांपासून चाळीसपर्यंत. नऊ किलो उतरले. एक्स-रे तसाच आहे, पण कठडा सुटला.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. माझ्या आईला मधुमेह होता, गुडघेही दुखायचे. मी पंधरा वर्षं तिला सांगत राहिले, "तू बस गं, उठू नकोस." ते प्रेमच होतं, पण सल्ला चुकीचा होता. ती बसली, ती बसलीच. आज ती नाही.

म्हणून एवढंच मागते. घरी गेल्यावर कंबर मोजा. बायकांनी ८०, पुरुषांनी ९० सेंटीमीटरच्या पुढे आकडा गेला, तर साखर तपासून घ्या. सांधा एकाएकी सुजला, लाल झाला, तर थेट डॉक्टरांकडे जा. आणि आईवडिलांना बसवून ठेवू नका. हात धरून चालवा.

पुढच्या मेळाव्याला खुर्च्या कमी मागवूया. बाई, शिट्टी तेवढी तुम्ही वाजवा!