डांबराला शिव्या देण्याआधी



लष्करात असताना मी काही काळ मेघालयातल्या डोंगरी रस्त्यांच्या कामावर होतो. मार्चमध्ये आम्ही घातलेलं डांबर जुलैत उखडलं. एका रात्री आजारी जवानाला नेणारी रुग्णवाहिका तिथल्याच खड्ड्यात दोन तास अडकली. जवान वाचला. मी मात्र आठवडाभर डांबर पुरवणाऱ्याला शिव्या देत होतो.

मग खड्ड्याच्या कडेचा एक तुकडा फोडून पाहिला. वरची खडी काळी, खालची धुतल्यासारखी स्वच्छ! रस्ता खालून सुटत आला होता.

दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ जास्त. ग्रॅनाइट, क्वार्टझाइट यांना तर फारच. पाणी फटींतून शिरतं, चाकांच्या दाबाने आत ढकललं जातं आणि डांबराचा थर खडीपासून सोलून काढतं. मी वाढलो काळ्या पाषाणाच्या मुलखात. तो दगड डांबर तुलनेने बरं धरतो. तोच अंदाज मी तिथे लावला, ही माझी पहिली चूक.

परीक्षा सोपी असते. डांबर लावलेली खडी ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २४ तास ठेवायची. निदान ९५ टक्के भागावर डांबर टिकलं पाहिजे. नाही टिकलं, तर खडीच्या वजनाच्या १ ते २ टक्के विरवलेल्या चुन्याची भुकटी मिसळायची. चुन्यामुळे डांबर दगडाला घट्ट धरतं.

दुसरी चूक म्हणजे आमची खडी ओलसर आणि धुळकट होती. तिसरी, मिश्रण गार झाल्यावर रोलर फिरला. मग दबाई अपुरी राहते, आत पोकळ्या उरतात आणि पाण्याला वाट मिळते.

आणि सगळ्यात मोठी चूक डांबरात नव्हतीच. डोंगराकडचं गटार दरडीच्या मातीने बुजलं होतं. पाणी रस्त्याच्या पोटात साचत होतं. पुढच्या वर्षी आधी गटारं आणि मोऱ्या साफ केल्या, रस्त्याला उतार दिला, मगच डांबर घातलं. तो पावसाळा रस्त्याने काढला.

तुमच्या गल्लीत डांबर पडेल तेव्हा त्याचा काळेपणा पाहून खूश होऊ नका. खडी कोरडी आहे का, पाणी कुठे जाणार, हे दोन प्रश्न विचारा. पावसात विचारून उपयोग नाही.