रॉजर आणि विल्को



२०२५ च्या सप्टेंबरअखेर मला सातारा, बेळगाव, इंदूर असे सगळीकडून फोन येत होते. प्रश्न एकच. "कर्नल, तुम्ही चेन्नईत राहता, ते अरट्टै काय आहे? घेऊ का?"

'अरट्टै' हा तमिळ शब्द. अर्थ, गप्पाटप्पा. हे निरोपांचं ॲप झोहो या चेन्नईच्या कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये आणलं. चार वर्षं त्याची फारशी चर्चा नव्हती. मग केंद्रीय मंत्र्यांनी स्वदेशी म्हणून त्याचं नाव घेतलं, आणि रोजची नोंदणी तीन दिवसांत ३ हजारांवरून साडेतीन लाखांवर गेली, असं श्रीधर वेंबू यांनी तेव्हा जाहीर केलं. कंपनी मात्र जुनी. १९९६ साली ॲडव्हेंटनेट नावाने सुरू झाली, २००९ पासून झोहो. जीएसटी रोडने ताम्बरमच्या पुढे गेलात की गुडुवांचेरीजवळ तिचं मुख्यालय लागतं. ई-मेल, एकत्र लिहायची कागदपत्रं, ऑफिसमधल्या संभाषणासाठी क्लिक, असा तिचा बराच पसारा आहे. अमेरिकेत स्लॅक आणि मायक्रोसॉफ्ट टीम्स हेच काम करतात.

मी लष्कराच्या सिग्नल्स कोअरमधला माणूस. 'तीव्र चौकस' हे आमचं बोधवाक्य. त्यामुळे मी फोनवर विचारणाऱ्यांना आधी कुलपाबद्दल सांगायचो. निरोप पाठवणारा आणि घेणारा, या दोघांशिवाय मधल्या कुणालाही वाचता येऊ नये असं कुलूप अरट्टैच्या कॉलना तेव्हा होतं, लिहिलेल्या निरोपांना नव्हतं. त्यावर काम चालू असल्याचं कंपनी सांगत होती. हा प्रश्न कुठलंही ॲप घेताना विचारायलाच हवा. पण आज मला दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. ती मी माझ्या चुकीतून शिकलो.

मी झोहोत काम केलेलं नाही. निवृत्तीनंतर काही वर्षं मी इथल्याच ओएमआर रस्त्यावरच्या एका लहान कंपनीत प्रशासन सांभाळत होतो. नाव सांगत नाही. कामही याच जातीचं : ऑफिसमधल्या लोकांनी एकमेकांशी बोलावं, कामं वाटून घ्यावीत, यासाठीचं सॉफ्टवेअर.

तिथला दिवस असा. सकाळी दहाला प्रत्येक गट पंधरा मिनिटं उभ्यानेच जमायचा. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढंच बोलायचं. मला हे लगेच आवडलं, कारण युनिटमध्ये सकाळचा अहवाल असाच असतो. मग फिल्टर कॉफी, मग ग्राहकांच्या तक्रारींची तिकिटं. दर पंधरवड्याला नव्या सोयींची बातमी निघायची. अमुक बटण इकडे सरकवलं, तमुक चूक दुरुस्त केली. आणि एक नियम होता : आपलं सॉफ्टवेअर आधी आपणच वापरायचं. हलवायाने आपला पेढा आधी खाऊन बघावा, तसं.

आता ४ डिसेंबर २०२३. मिचॉन्ग वादळाचा पाऊस आदल्या दिवसापासून कोसळत होता. वेळचेरी, पळ्ळिकरणै भागांत रस्त्यांवर होड्या फिरत होत्या. वीज गेलेली, फोन मधूनच लागायचे. आमच्या सगळ्या कंपनीचा एक मोठा गट होता, दोनशेच्या वर माणसं. सकाळी कुणीतरी त्यात लिहिलं, "वेळचेरीच्या हॉस्टेलमधली आपली टेस्टिंगची मुलगी फोन उचलत नाही. कुणीतरी बघा."

त्या निरोपाखाली अंगठे उमटायला लागले. एक, पाच, वीस. त्यात एक अंगठा माझा होता.

मी मनात म्हटलं, तिच्या गटाचा प्रमुख बघेल. नंतर कळलं, त्याला वाटलं होतं की प्रशासन बघेल, म्हणजे मीच. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सहज विचारलं, "ती मुलगी सापडली ना?" तेव्हा कळलं, कुणीच गेलं नव्हतं. मग मी आणि आमचा ड्रायव्हर निघालो. अर्ध्या वाटेवर गाडी सोडली आणि कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेलो. ती दुसऱ्या मजल्यावर होती, अंगात ताप, फोन बंद, प्यायचं पाणी संपलेलं. दार उघडून ती म्हणाली, "सर, मला वाटलं कुणाला माहीतच नाही."

दोनशे जणांना माहीत होतं. मी तिला तेव्हा हे सांगू शकलो नाही.

तिला दवाखान्यात नेलं, दोन दिवसांत ती बरी झाली. पण मला झोप लागेना. अठ्ठावीस वर्षं सिग्नल्समध्ये काढलेल्या माणसाच्या हातून हे व्हावं? वायरलेसवर बोलताना आमच्याकडे दोन शब्द असतात. 'रॉजर' म्हणजे निरोप मिळाला. 'विल्को' म्हणजे मिळाला, आणि त्याप्रमाणे मी करतो. तरुण अधिकारी हे दोन एकमेकांत मिसळतो तेव्हा त्याला चांगलंच ऐकून घ्यावं लागतं. लेखी संदेशावरही पत्ते दोन प्रकारचे : कार्यवाही कुणी करायची ते वेगळे, आणि नुसत्या माहितीसाठी ते वेगळे. माझ्या पहिल्या युनिटमधले कोल्हापूरचे सुभेदार साहेब म्हणायचे, "साहेब, सगळ्यांना सांगितलेलं काम कुणालाच सांगितलेलं नसतं."

त्या गटातला प्रत्येक अंगठा रॉजर होता. विल्को एकही नव्हता.

पुढच्या सोमवारी सकाळच्या उभ्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं, माझ्या अंगठ्यासकट. पोरं गप्प झाली. मग त्या टेस्टिंगच्या मुलीनेच सुचवलं, "सर, निरोपावरच एका माणसाचं नाव लावता आलं पाहिजे. त्याने 'घेतलं' म्हटल्याशिवाय निरोप वर लाल दिसत राहावा." काही महिन्यांनी पंधरवड्याच्या बातमीपत्रात एक ओळ आली : आता निरोप एका व्यक्तीकडे सोपवता येईल. हा काही मोठा शोध नव्हता, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय असते. पण मी तो कागद छापून घेतला. अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

खरं सांगायचं तर ती सोय आल्यावरही पहिले काही आठवडे लोक अंगठेच देत होते. बटण दिलं म्हणून सवय बदलत नाही. बदल झाला तो गटप्रमुखांनी रोज विचारायला लागल्यावर : "हे कोणाकडे आहे? कधीपर्यंत?"

तुमच्याकडेही गट असतीलच. सोसायटीचा, भावंडांचा, आईच्या औषधपाण्यासाठी केलेला. ॲप कुठलंही असो, देशी असो की परदेशी, एवढं करा. काम सांगताना एकाचं नाव लिहा. "कुणीतरी" हा शब्द टाळा. ज्याचं नाव आलं त्याने अंगठा न देता शब्दांत लिहावं, "मी करतो, संध्याकाळी सहापर्यंत." आणि झाल्यावर "झालं" म्हणून कळवावं. एखादा निरोप बघून तुम्हाला वाटलं की दुसरं कुणी बघेल, तर त्या माणसाला आधी फोन करून विचारा.

परवा पावसात आमच्या सोसायटीच्या गटात निरोप आला, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा दिवा दिसत नाही. मी लिहिलं, "मी जातोय." आणि चप्पल घालून निघालो. आजी झोपल्या होत्या. मला बघून वैतागल्या. चालेल.

जय हिंद.