नॅशव्हिलचे मंगळवार



संस्थेच्या वसतिगृहातील आम्ही काही विद्यार्थी यंदा आधुनिक अमेरिकेचा इतिहास वाचत आहोत. अमेरिका म्हटली की आपल्या समाजाला दोन गोष्टी आठवतात. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले ही एक, आणि ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ही दुसरी. तिसरी गोष्ट आम्हांलाही ठाऊक नव्हती. ती नागपूरवरून जाते, म्हणून आज तिच्याविषयीच बोलणार आहोत.

जेम्स लॉसन हा कृष्णवर्णीय तरुण. कोरियाच्या युद्धाच्या वेळी सक्तीच्या लष्करभरतीला त्याने नकार दिला आणि तुरुंगवास भोगला. सुटल्यावर १९५३ साली तो नागपूरला आला. हिस्लॉप कॉलेजात तीन वर्षे त्याने मुलांना खेळ शिकविले आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. माँटगोमेरी शहरातील कृष्णवर्णीयांनी डिसेंबर १९५५ मध्ये बसवर बहिष्कार टाकला, ती बातमी त्याने नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. १९५६ साली तो मायदेशी परतला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्याच नागपुरात काय घडले, ते या सभेला सांगायला नको. आम्ही वाचलेल्या पुस्तकांत लॉसनच्या संदर्भात गांधीजी पानोपानी भेटतात, चवदार तळे एकदाही भेटत नाही. याची चुटपुट लागली, पण वाचन थांबविले नाही.

१९५८ मध्ये लॉसन टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात गेला आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागला. याच शहरात कृष्णवर्णीयांचे फिस्क विद्यापीठ आहे. ज्या डू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले, ते तिथलेच माजी विद्यार्थी. शहरातील मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाने साबण घ्यावा, कापड घ्यावे, पैसे मोजावेत. पण त्याच दुकानातील खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली तर मिळायची नाही. पैसा चालतो, माणूस चालत नाही. वेगळ्या कपबशीची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना हे उलगडून सांगावे लागत नाही.

कायदा नव्हता असे नाही. शाळांमधील वर्णभेद १९५४ सालीच तेथील सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला होता. पण महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केलाच होता की! ठराव दप्तरात राहिला. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी.

आता मुख्य गोष्ट. १९५९ च्या हिवाळ्याआधी लॉसनने एका चर्चच्या तळघरात मंगळवारी सायंकाळी विद्यार्थ्यांचे वर्ग घेण्यास सुरुवात केली. डायन नॅश, जॉन लुईस ही मुले तिथे येत. हे वर्ग भाषणांचे नव्हते. खुर्च्या मांडायच्या, काहींनी गिऱ्हाईक व्हायचे, काहींनी गुंड. गुंड झालेल्यांनी आपल्याच मित्राला शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचे. बसलेल्याने हात उगारायचा नाही, पळायचेही नाही. मार बसलाच तर डोके कसे झाकायचे, शेजाऱ्याला कसे वाचवायचे, हेही शिकायचे. चुकले की पुन्हा. नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांनी दुकानांत जाऊन एकदोन वेळा चाचणीही घेतली. नकार ऐकला आणि निमूट परत आले.

ठिणगी मात्र दुसरीकडे पडली. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावात चार विद्यार्थी अशाच काउंटरवर जाऊन बसले. नॅशव्हिलची मुले तयारच होती. १३ फेब्रुवारीला शंभरावर विद्यार्थी चांगले कपडे घालून दुकानांत शिरले आणि पुस्तके उघडून बसले. २७ फेब्रुवारीला गोऱ्या टोळक्यांनी त्यांना मारले. पोलिसांनी पकडले ते मार खाणाऱ्यांना. एक रांग गाडीत भरली की दुसरी रांग येऊन त्याच स्टुलांवर बसे. ५० डॉलर दंड झाला, तो न भरता पुष्कळांनी कैद पत्करली. लॉसनला ३ मार्चला विद्यापीठाने काढून टाकले. १९ एप्रिलला या मुलांचे खटले लढविणाऱ्या वकिलाच्या घरावर बाँब पडला, तेव्हा हजारोंचा मूक मोर्चा नगरपालिकेवर गेला. तिथे डायन नॅश या मुलीने महापौरांना सरळ विचारले, केवळ रंगावरून माणसामाणसांत भेद करणे योग्य आहे का? योग्य नाही, असे त्यांना सर्वांसमक्ष म्हणावे लागले. १० मे रोजी सहा दुकानांचे काउंटर खुले झाले. यामागे मुलांच्या धैर्याबरोबर घराघरांतील बायाबापड्यांनी दुकानांवर टाकलेला बहिष्कारही होता, हे विसरून चालणार नाही.

महाडलाही सत्याग्रहानंतर आपल्या लोकांवर हल्ला झाला. उलट मारा करण्याइतके लोक तिथे होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि पुढे न्यायालयात १९३७ पर्यंत दावा लढून जिंकला. तो संयम भित्रेपणाचा नव्हता, हे आम्हांला नॅशव्हिल वाचल्यावर अधिक नीट कळले. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ यातील पहिला आणि शेवटचा शब्द आपण मोठ्याने उच्चारतो. मधल्या शब्दाला कंटाळवाणे मंगळवार लागतात, म्हणून तो पुटपुटतो.

आमचा एक मित्र गेल्या वर्षी इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष अर्धवट सोडून गावी गेला. गुण कमी नव्हते. ‘कोट्यातला’ हा शब्द वर्गात रोज ऐकून तो आधी भांडला, मग गप्प झाला, मग गेला. आम्ही शेजारच्या खोलीत होतो. काय बोलावे, कोणाकडे लेखी तक्रार करावी, तोपर्यंत त्याच्याजवळ कोणी बसावे, यातले काहीच ठरलेले नव्हते. दिवाळीनंतर आम्ही खोलीत लॉसनसारखा प्रयोग करून पाहिला. एकाने टोमणे मारायचे, दुसऱ्याने शांतपणे, मुद्द्याने उत्तर द्यायचे. दोन मिनिटांत एकाने खुर्ची लाथाडली आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले. टोमणे मारणारे आमचेच मित्र होते, तरीही!

लॉसन यांचे २०२४ साली निधन झाले. ज्या विद्यापीठाने काढून टाकले होते, तिथेच २००६ मध्ये ते सन्मानाने शिकवायला गेले होते. आमचा मित्र मात्र अजून गावीच आहे. जूनमध्ये त्याने पुन्हा प्रवेश घ्यावा म्हणून आम्ही दोघे त्याच्या घरी जाऊन आलो. त्याची आई तयार आहे, तो अजून हो म्हणत नाही.

कार्यकारिणीला आमची एकच विनंती आहे. मंगळवारी सायंकाळी विहाराचा हॉल रिकामा असतो. सात ते नऊ तो आम्हांला मिळावा. खुर्च्या आम्ही लावू आणि उचलूनही ठेवू. ज्यांनी नोकरीत, कचेरीत हे टोमणे तीस वर्षे सोसले, त्या आपल्या काका-मावशींपैकी कोणी पहिल्या मंगळवारी यावे. सोबत आणता आला तर आम्ही त्यालाही आणू.

जयभीम.