न आलेलं उत्तर



१९६६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या फुटबॉल संघात दोन भाऊ होते. धाकटा बॉबी चार्लटन सगळ्यांना ठाऊक आहे. मी बोलणार आहे थोरल्या जॅकबद्दल. खाणकामगाराचा मुलगा, उंच, दांडगा बचावपटू. लीड्सकडून ७७३ सामने खेळला, पण देशाची जर्सी मिळाली ती तिशीच्या तोंडावर.

१९७३ साली तो मिडल्सब्रोचा प्रशिक्षक झाला आणि पहिल्याच हंगामात संघाला वरच्या श्रेणीत नेलं. १९७७ मध्ये त्याने इंग्लंडच्या प्रशिक्षकपदासाठी अर्ज केला. निवड झाली नाही, हे समजू शकतं. पण साधं उत्तरही आलं नाही!

१९८६ मध्ये आयर्लंडने त्याला बोलावलं. हा संघ तोवर युरो किंवा विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत कधीच पोहोचला नव्हता. जॅकची सूचना सोपी होती: चेंडू लांब, त्यांच्या बचावफळीच्या मागे टाका आणि त्यांना श्वास घेऊ देऊ नका. जाणकारांनी नाकं मुरडली. १२ जून १९८८, स्टुटगार्ट: आयर्लंड १, इंग्लंड ०. दोन वर्षांनी विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी.

मी नोकरीत असताना एका हवालदाराचा अर्ज माझ्या टेबलावर असाच पडून राहिला होता. नकारच द्यायचा होता, म्हणून मी टाळत गेलो. तो बिचारा रोज सॅल्यूट करत राहिला. जॅकची गोष्ट वाचली आणि मला तोच आठवला.

तुमच्या हाताखाली माणसं असतील, तर असं पडून राहिलेलं एक पत्र आज काढा. नकार असला तरी कळवा.

जय हिंद.