आकड्याचा नाद हा आजार आहे



मटक्याचा जन्म कापसाच्या भावावर झाला. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस ज्या भावाने उघडे आणि बंद होई, त्यावर मुंबईत आकडा लागे. पेरणीलाही आपण जुगार म्हणतो. पण तिथे निदान घामाला पीक येतं. आकड्यात शेवटी चालवणाराच कमावतो.

गेलेले काढायला पुन्हा लावायचे, बियाण्याचे पैसे घालवून घरी लपवायचं, हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तो व्यसनांत धरला आहे. शपथा घालून तो सुटत नाही. यावर खास गोळी नाही, उपचार बोलण्याचा. हात कधी शिवशिवतो, ‘आता लागणारच’ असं का वाटतं, हे समुपदेशक त्याच्यासोबत उलगडतो. जोडीला दारू वा उदासी असेल तर तिला औषध आहे.

घरच्यांनी कर्ज गुपचूप फेडू नये. कापसाचे पैसे त्याच्या संमतीने काही काळ कारभारणीच्या हाती ठेवावेत. जीव देण्याची भाषा निघाली तर एकटं सोडू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा फोन फुकट आहे.

कर्जबाजारी शेतकऱ्याला आपण गुन्हेगार म्हणत नाही. यालाही म्हणू नका. दवाखान्यापर्यंत सोबत जा.