वही कोणाच्या हाती द्यायची?

आम्ही नांदुऱ्याहून बोलतोय.

नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. पण हिशेबाची वही कोणी लिहायची, हे ठरवताना आपण फार विचार करत नाही.

आमच्या एका गटात जी जास्त शिकलेली, तिच्याकडे वही गेली. दुसरी एक ताई दोन वर्षं बँकेच्या चकरा मारायची, कापूस वेचणीतही हप्ते गोळा करायची. तिनं वही मागितली, तर आम्ही म्हणालो, "अजून थोडं शिका, मग बघू." किती शिकायचं, कोण बघणार, काहीच सांगितलं नाही. ती बैठकीला यायचीच थांबली. चूक आमची होती.

कॉम्प्युटरचे प्रोग्राम मिळून लिहिणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. अमेरिकेत १९९९ साली अपाचे नावाची संस्था स्थापन झाली. तिचे प्रोग्राम कोणीही फुकट वापरावेत, दुरुस्ती सुचवावी. पण मूळ प्रतीत थेट बदल करण्याचा हक्क ठरावीक लोकांनाच असतो. त्यांना 'कमिटर' म्हणतात. हा हक्क पदवी बघून मिळत नाही. केलेलं काम बघून आधीची जाणती मंडळी मत देतात. नवख्यांना मदत करणं, माहिती लिहिणं हेही काम धरलं जातं.

मग आम्हीही ठराव केला. सहा महिने हजेरी हवी. बाळंतपण, आजारपणाची गैरहजेरी धरायची नाही. जुन्या लेखनिकेशेजारी बसून तीन बैठकांचा हिशेब लिहायचा, बेरीज जुळली पाहिजे. वसुली आणि बँकेची कामंही मोजायची. नाही म्हणायचं तर कारण सांगायचं, पुन्हा कधी विचार करणार ती तारीखही सांगायची. कोणी कोणाचीही नातेवाईक असो, नियम एकच.

त्या ताईच्या घरी जाऊन आम्ही माफी मागितली. ती म्हणाली, "नियम भिंतीवर लावा, मग येते."

आम्ही लावले. ती आली. आज वही तीच लिहिते. तिचं अक्षर अजून वाकडंच आहे, पण बेरीज चुकत नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुमच्या गटाचे नियम मोठ्यानं वाचा. लिहिलेलेच नसतील, तर त्याच दिवशी लिहा.